भावाच्या सट्ट्याचे कर्ज फेडण्यासाठी वडिलोपार्जित शेत विकावे का?

पांझराकाठ (प्रश्न):

नमस्कार. माझे माहेर रावेर तालुक्यात आहे आणि लग्नानंतर गेली १४ वर्षे मी धुळ्यात राहते. माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा असून कृषी पदविका घेतल्यापासून तो अप्पांबरोबर केळीची बाग सांभाळतो. दारू नाही, तंबाखू नाही, कोणाशी भांडण नाही; मुलगा असावा तर असा, असे गावात ज्यांच्याविषयी बोलले जाते त्यांतला तो एक. कदाचित म्हणूनच तो तीन वर्षे क्रिकेटच्या सामन्यांवर सट्टा लावत होता याचा घरातील कोणालाही संशय आला नाही.

प्रकरण उघडकीस आले ते यंदाच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला). मी माहेरी गेले होते, दारातल्या निंबाला झोका बांधला होता, आणि भुसावळहून मोटारसायकलवर आलेल्या एका अनोळखी माणसाने अंगणात उभे राहून भावाच्या नावाने पैशांची मागणी केली. आखाजीला पुरुषमंडळींनी पारावर पत्ते पिसावेत, चार पैसे लावावेत, यात आपल्याकडे कोणाला फारसे वावगे वाटत नाही (कायद्याला वाटते, हे मला ठाऊक आहे). त्यामुळे अप्पा प्रथम हसलेच. दोन-चार हजारांचा मामला असेल असे त्यांना वाटले. रात्री भावाने आकडा सांगितला तो ११ लाख ४० हजार. त्यांपैकी ४ लाख एका सावकाराचे आहेत, महिना शेकडा पाच व्याजाने. ३ लाख बँकेचे व मोबाइलवरून घेतलेल्या कर्जांचे. २ लाख सट्ट्याचा ‘आयडी’ (मोबाइलवरून सट्टा लावण्याचे खाते) देणाऱ्या त्या माणसाचे. आणि उरलेले मित्र व नातेवाइकांकडून हातउसने घेतलेले. भावजयीची पोत आणि पाटल्या गहाण आहेत, त्या यात धरलेल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी ठिबकच्या कामासाठी म्हणून अप्पांनी त्याला १ लाख ८० हजार दिले होते, ते कुठे गेले हेही त्याच रात्री समजले.

अप्पांनी ठरवले आहे की नदीकाठची दोन एकर बागाईत विकायची, सगळी देणी एका दिवसात मिटवायची आणि भावाला मुक्ताईच्या मंदिरात नेऊन शपथ घ्यायला लावायची. जमीन वडिलोपार्जित असल्यामुळे माझी सही लागणार आहे. अप्पांनी बोलावले तेव्हा मी ‘येते’ म्हणाले, परंतु त्याच संध्याकाळी भावजयीचा वेगळा फोन आला आणि ती एवढेच म्हणाली, “ताई, सही करू नका.” कारण विचारले तर ती रडू लागली.

मी सही करावी का? हा आजार आहे की वळण, हेही मला कळत नाही. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

सातपुडा:

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. सही करा आणि विषय संपवा. सावकाराच्या ४ लाखांवर शेकडा पाचने महिन्याला २० हजार नुसते व्याज चढते आहे. तुम्ही विचार करीत बसाल तितके शेत कमी होत जाईल. वसुलीची माणसे दारात येऊ लागली की गावात तोंड दाखवणे कठीण होते, आणि अशा वेळी तरुण पोर जिवाचे काही बरेवाईट करून घेते. शेत पुन्हा घेता येईल. बहिणीने सही अडवली ही गोष्ट मात्र माहेरी कोणी विसरणार नाही.

जंक्शन:

मी भुसावळचा, रेल्वेत नोकरीला आहे. तुमच्या भावाच्या जागी मी होतो, म्हणून वरील उत्तराशी सहमत होता येत नाही, जरी त्यातील व्याजाचा हिशोब आणि जिवाची काळजी दोन्ही खरी असली तरी.

माझी सुरुवात २०१६ च्या आयपीएलमध्ये झाली. पहिल्याच आठवड्यात ३,२०० रुपये जिंकलो, आणि ते जिंकलो नसतो तर बरे झाले असते असे आज वाटते. त्यानंतर सामना कोण जिंकणार यावर पैसे लावणे मागे पडले व ‘सेशन’ सुरू झाले, म्हणजे पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील, पुढच्या षटकात किती होतील, असे सौदे. ज्यांनी हे केलेले नाही त्यांना समजावे म्हणून सांगतो: सामन्याचा निकाल लागायला साडेतीन तास लागतात, सेशनचा निकाल काही मिनिटांत लागतो, आणि लगेच पुढचे समोर उभे असते. विचार करायला मध्ये जागाच राहत नाही. त्यात माझा आयडी उधारीवर होता. पैसे आधी भरायचे नाहीत, फक्त पॉइंट दिसायचे, हिशोब सोमवारी. पन्नास हजार पॉइंट गेले तरी खिशातून काही गेले आहे असे रविवारी रात्रीपर्यंत वाटत नसे.

२०१९ च्या विश्वचषकानंतर माझ्यावर ६ लाखांचे कर्ज आहे हे घरी कळले. वडील नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून सगळे पैसे एका दिवसात चुकते केले, आईने देवासमोर हात ठेवायला सांगितले, मी ठेवला, आणि मनापासून ठेवला. खोटी शपथ घेतली असे माझ्याविषयी कोणी म्हणू नये. पण त्या दिवशी मला जे वाटले ते आजवर मी थोड्याच लोकांना सांगितले आहे: मला जिंकल्यासारखे वाटले. सगळ्यात मोठा डाव हरत आलो होतो आणि शेवटच्या चेंडूवर तो माझ्या बाजूने फिरला, तेच हलके वाटणे, तीच झोप. एकेचाळिसाव्या दिवशी मी पुन्हा आयडी घेतला. तेव्हा वेस्ट इंडीजमधील स्पर्धा चालू होती, सामने आपल्याकडच्या पहाटे असत, आणि निम्म्या खेळाडूंची नावेही मला ठाऊक नव्हती. नवा बुकी मला उधारी द्यायला तयार होता, कारण माझे वडील देणी फेडतात हे त्याच्या कानावर आले होते. पुढच्या दीड वर्षात मी आणखी ४ लाख ७० हजारांचे कर्ज केले.

दुसऱ्या वेळी, २०२१ च्या जानेवारीत, माझ्या पत्नीने वडिलांना एक रुपयाही देऊ दिला नाही. घरात त्यावरून मोठा कलह झाला. तिने माझ्या पगाराच्या खात्याचे कार्ड आणि पासबुक स्वतःकडे घेतले, मोठा मोबाइल काढून साधा बटणांचा दिला, माझे दोन्ही साडू आणि कार्यालयातील चार सहकारी यांना माझ्यासमोर बसवून ‘यांना उसने पैसे देऊ नका’ असे सांगितले, आणि मला जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. कर्जाचे हप्ते माझ्याच पगारातून, पण तिच्या हातून जात. दरमहा साधारण ११ हजार. त्याला ३ वर्षे ८ महिने लागले. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी विशेष काही वाटले नाही, पावती खिशात घालून ड्युटीवर गेलो.

तुमच्या भावजयीला हे कोणी शिकवलेले नसेल, पण ठिबकच्या १ लाख ८० हजारांचे काय झाले ते तिने पाहिले आहे.

खडू-फळा:

अमळनेरात ३१ वर्षे गणित शिकवून निवृत्त झालो आहे. वरील अनुभवात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. पण ‘एकदा नशीब साथ देईल, मग सगळे फिटेल’ असे तुमच्या भावाच्या मनात अजून असेल, तर त्याच्याजवळ बसून पुढील हिशोब वहीवर करावा.

समजा दोन्ही संघ तुल्यबळ आहेत आणि दोन्ही बाजूंना एक रुपयास १ रुपया ९० पैसे, मुद्दलासह, असा भाव आहे. दोन्ही बाजूंवर हजार-हजार लावले तर २,००० गेले आणि कोणीही जिंको, १,९०० परत आले. ते १०० रुपये म्हणजे ५ टक्के, हे प्रत्येक फेरीचे भाडे. दहा हजार रुपये असेच फिरवत राहिले तर सरासरीने वीस फेऱ्यांनंतर सुमारे ३,६०० उरतात. क्रिकेटचे ज्ञान कितीही असले तरी हे भाडे चुकत नाही, कारण ज्याला भाव ठरवायचा आहे त्यालाही क्रिकेट कळते, आणि त्याच्याजवळ तुमच्या भावापेक्षा अधिक माहिती असते.

दुसरा हिशोब हरलेले भरून काढण्याचा. सोपे जावे म्हणून जिंकल्यास लावलेल्याच्या दुप्पट परत मिळतात असे धरू. पाचशे हरले की हजार लावायचे, तेही गेले की दोन हजार, म्हणजे एकदा जिंकलो की सगळे वसूल, ही युक्ती प्रत्येक खेळाडूला आपण स्वतः शोधून काढली असे वाटते. ओळीने आठ डाव हरले की एकूण १,२७,५०० गेलेले असतात आणि नवव्या डावाला १,२८,००० लावावे लागतात, ते कशासाठी, तर शेवटी ५०० रुपये पदरात पडावेत म्हणून. ओळीने आठ हरणे दुर्मीळ आहे असे वाटत असेल, तर समान संधी धरूनही २५६ वेळा प्रयत्न केल्यास ते सरासरी एकदा घडते. दहा संघ झाल्यापासून आयपीएलच्या एका मोसमात ७४ सामने होऊ लागले. प्रत्येक सामन्यात दहा सौदे धरले तर किती संधी होतात ते वर्गातल्या मुलालाही सांगता येईल.

आखाजीच्या डावाचा उल्लेख आपण केला म्हणून थोडे विषयांतर. माझ्या लहानपणीही पारावर डाव बसे आणि त्यातून घरे उठल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, त्यामुळे त्याचे कौतुक मला सांगायचे नाही. तरीही तिथे समोर बसलेला माणूस ओळखीचा असे, खिशातली रोकड संपली की उठावे लागे, आणि घरचे कोणी ना कोणी बोलवायला येई. मोबाइलवरच्या डावातून तुमच्या भावाला उठवायला तीन वर्षांत कोणी आले नाही, कारण तो बसला आहे हेच कोणाला दिसत नव्हते.

सातबारा:

मी वकिली करतो. सर्वसाधारण माहिती देतो. कागद दाखवून स्थानिक वकिलांचा सल्ला अवश्य घ्यावा.

प्रथम आपल्या सहीविषयी. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याविषयी उरलेला संभ्रमही दूर केला. म्हणून खरेदीदार आपली सही मागतो. ती देणे हे बहिणीचे कर्तव्य आहे असे कायद्यात कुठे नाही. सज्ञान मुलाचे वैयक्तिक कर्ज फेडण्यास वडील कायद्याने बांधलेले नाहीत. जुन्या हिंदू कायद्यात वडिलांचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य मानले जाई, पण तिथेही जुगाराचे कर्ज वगळलेले होते.

आता देणी वेगवेगळी करा, कारण ‘११ लाख ४० हजार’ असा एकच आकडा मनात धरला की शेत विकण्याशिवाय दुसरे काही सुचत नाही. आयडीवाल्याचे २ लाख: भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असून त्याची रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही, आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या कायद्याने पैजेला पूरक असलेले करारही निरर्थक ठरवले आहेत. त्याने धमकी दिल्यास संभाषण जपून ठेवून पोलिसांत तक्रार करावी. सावकाराचे ४ लाख: त्याच्याकडे परवाना आहे का ते पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा असून त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेऊ नये हे दामदुपटीचे तत्त्वही आपल्याकडे जुनेच आहे. बँकेचे कर्ज मात्र खरे कर्ज आहे, ते फेडावेच लागेल. हप्ते वाढवून मागता येतात, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी व सायंकाळी ७ नंतर करता येत नाहीत.

भावाला दोन प्रश्न विचारायला विसरू नका: कोणाला सही केलेले कोरे धनादेश दिले आहेत का, आणि स्वतःचे बँक खाते कोणाला वापरायला दिले आहे का. आयडीचा व्यवहार अशाच भाड्याच्या खात्यांतून चालतो. खात्यावर फसवणुकीचे पैसे आले तर खाते गोठते आणि चौकशी खातेदाराची होते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदी आली मग हे चालते कसे, असे पुष्कळजण विचारतात. त्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले आहेत. असा खेळ चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्यास त्या कायद्यात शिक्षा नाही. परिणामी उघडपणे जाहिराती करणारे मोठे ॲप पैशांचे खेळ बंद करून बसले. आयडीवाला तर महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे १८८७ पासूनच बेकायदा आहे. त्याला नवे काय?

ओपीडी:

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. ‘आजार की वळण’ या आपल्या प्रश्नापुरते लिहितो.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये जुगाराच्या विकाराला दारू व अन्य अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात आणून ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणातही तो आहे, आणि त्यात ऑनलाइन जुगाराची स्वतंत्र नोंद आहे. निदानासाठी नऊ लक्षणे पाहतात आणि वर्षभरात त्यांपैकी चार आढळली तरी पुरे असतात. गमावलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे आणि किती खेळतो हे लपवणे ही त्यांतली दोन. तिसरे आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे: पैशांच्या अडचणीतून सोडवण्यासाठी इतरांवर विसंबणे. जंक्शन यांनी जे लिहिले आहे ते अपवादात्मक नाही.

यात मेंदूचा भाग किती असतो हे दाखवणारे एक उदाहरण आहे. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या, डोपामाइनसारखे काम करणाऱ्या काही गोळ्यांमुळे आयुष्यात कधी पत्ताही न पिसलेली वृद्ध माणसे जुगार खेळू लागल्याचे नोंदले गेले आहे, आणि गोळी कमी केली किंवा बंद केली की पुष्कळांची ती ओढ ओसरते. मात्र आजार म्हटले म्हणून भावाची जबाबदारी संपत नाही. देणी त्याच्याच कमाईतून जावीत हे उपचारालाही पूरक असते.

उपचारात विचार व वर्तन बदलण्याची पद्धतशीर सत्रे असतात, सोबत नैराश्य असेल तर त्यासाठी औषधे, काहींना ओढ कमी करणारी औषधे. एका इंजेक्शनने व्यसन सोडवण्याच्या जाहिरातींना भुलू नये. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीत बोलता येते, भावजयीनेही बोलावे.

सातपुडा यांची एक काळजी मी गंभीरपणे घेतो. कर्ज उघडे पडल्यानंतरचे काही आठवडे जिवाच्या दृष्टीने धोक्याचे असतात. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधे हाताशी असतात. ती आजच कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या, आणि ‘तुझ्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का’ असे भावाला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

सातपुडा:

डॉक्टरसाहेबांचे म्हणणे पटले. माझा आग्रह आता एवढाच राहील की सावकाराचे आधी द्यावे, कारण कायदा काहीही म्हणो, तो रोज दारात येणार. शेत न विकता काय विकता येईल ते पाहा.

जंक्शन:

याला माझीही हरकत नाही. फक्त पैसे भावाच्या हातात देऊ नका. ज्याचे आहेत त्याला घरच्याने नेऊन द्यावेत आणि लेखी पावती घ्यावी. मला एकदा देणे चुकते करण्यासाठी ४० हजार दिले होते, ते वाटेतच संपले होते.

पांझराकाठ:

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण मधल्या काळात यजमानांसह दोनदा माहेरी जाऊन आले.

शाळेची वही घेऊन आम्ही पाचजण बसलो. आकडा ११ लाख ४० हजार नव्हता. आणखी १ लाख ६५ हजार निघाले, तेही सातबारा यांनी सुचवलेले प्रश्न विचारल्यावर. एक खाते त्याने महिना ५ हजारांवर वापरायला दिले होते आणि ते गोठवले गेले आहे हे त्याला महिन्याभरापूर्वीच समजले होते. रावेरच्या वकिलांमार्फत त्याविषयी जळगावला सायबर पोलिसांकडे अर्ज केला आहे. सावकाराकडे परवाना नाही. उपनिबंधकांकडे जाण्याचा विषय काढताच तो मुद्दलावर यायला तयार झाला. भावाची मोटारसायकल आणि मोबाइल विकून आलेले पैसे यजमानांनी स्वतः नेऊन दिले व पावती घेतली. उरलेले हप्त्याने द्यायचे आहेत. आयडीवाला त्यानंतर फिरकलेला नाही, फोन मात्र येतात.

फवारणीची औषधे आता चुलत्यांच्या खोलीत असतात. मी भावाला तो प्रश्न विचारला. त्याने बराच वेळ उत्तर दिले नाही, आणि मग ‘आखाजीच्या रात्री आला होता’ असे म्हणाला. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याला जळगावला नेले, पुढची तारीख येत्या बुधवारची आहे.

सही मी केलेली नाही. अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. फोन वाजला की आईकडे देतात. बागेची कापणी सुरू झाली असून पट्टीचे (केळीच्या विक्रीचे) पैसे या वेळेपासून भावजयीच्या खात्यावर जमा होतील असे ठरले आहे. व्यापाऱ्याने खाते क्रमांक लिहून घेताना दोनदा विचारले म्हणे, “सूनबाईंच्या नावावर? नक्की?” आणि अप्पांनीच मान हलवली.